राखणीची करवंटी

नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायची सवय मला गावाने लावली. मी मसाला करून विकते. धणे जरा जास्त भाजले गेले तर मागच्या दारात उभं राहून मला कळतं, असलं हे नाक. शाळा सुटून मास्तर घरी आले की पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने मी जवळ जायचे आणि हुंगायचे. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो, म्हणून मीही मास्तरच म्हणते. खडूचा वास यायचा, घामाचा यायचा, कधी शाळेत कोणाचा वाढदिवस असला तर भज्यांचा. दारूचा कधीच नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगायचे. शरम वाटायची, पण हुंगायचे.

मालवणच्या बाजारात एकदा नेहमीच्या मासेवालीने बांगडे मोजता मोजता विचारलं, "मास्तर अलीकडे घेतत वाटता? काल मेरेवरसून येताना बघलंय, असे झुलत होते!" मी म्हटलं, "तुज्या तोंडार शिरा पडो," आणि हातातले बांगडे तिच्या पाटीत परत टाकून चालू पडले. त्या दिवशी घरात कुळथाची पिठी झाली आणि सासूबाई दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण मासेवाली खोटं कुठे बोलत होती? मास्तर झुलतच होते. शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, शाळेत जायची आमची जुनी वाट, जेमतेम पाऊल मावेल एवढी. लहानपणापासून त्या मेरेवरून धावलेला माणूस आता दोन्ही हात पसरून चालायचा आणि तरी चिखलात जायचा. उजव्या पायातली चप्पल वाटेतच गळायची आणि घरी येईपर्यंत त्यांना पत्ता नसायचा. उन्हाळ्यात तर बघायला नको. दुपारी ऊन चढलं की जीभ जड व्हायची, शब्द एकमेकांत अडकायचे. फळ्यावर लिहायला घेतलेली ओळ उतरत उतरत पार खालच्या कोपऱ्यात जायची. आणि आमच्याकडे माणूस वाकडा चालला की त्याला एकच रोग असतो. दुसरा काही असू शकेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

गंमत म्हणजे मास्तर थेंबाला शिवत नसत. त्यांच्या बापाने दोन पिढ्यांची एकट्याने पिऊन ठेवली होती, ती आठवण घरात ताजी होती. लग्नाआधी माझ्या बांद्याच्या मामाने चौकशी केली तेव्हा गावाने एकच गोष्ट ठासून सांगितली होती, की मुलगा बापासारखा नाही. तोच गाव आता म्हणत होता, शेवटी रक्त रक्तच.

एक दिवस मुख्याध्यापकांनी मास्तरांना खोलीत बोलावलं. कसला तरी कागद दाखवायचा म्हणून खुर्ची अगदी जवळ ओढायला लावली आणि कागद दाखवता दाखवता त्यांचं नाक मास्तरांच्या तोंडापर्यंत आलं. मास्तरांनी मुद्दाम मोठा श्वास सोडला. घरी येऊन मला हे सांगताना ते हसत होते. हसता हसता पडवीतल्या बाकावर बसले, डोक्याचा टॉवेल तोंडावर ओढला आणि रडायला लागले. मीही रोज तेच करत होते ना!

सासूबाईंनी देवाला कौल लावला, मीठ-मिरच्या ओवाळल्या, कोणीतरी करणी केलीय म्हणून एका माणसाकडून दोरा आणून दंडाला बांधला. मास्तर विज्ञान शिकवायचे. तरी दोरा काढला नाही. आईला वाईट वाटेल म्हणाले. मग एका सकाळी त्यांना दोन दोन दिसायला लागलं. दोन देव्हारे, दोन बायका. "एक होती तीच झेपत नव्हती," म्हणाले. पण चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा कुठे आम्ही गाडी करून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात गेलो.

तिथे डोक्याची आणि पाठीची तपासणी झाली, पाठीतलं पाणी काढलं आणि रोगाचं नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. मला ते नाव नीट म्हणायला आठवडा लागला. अंगाची संरक्षण करणारी ताकदच वेडी होते आणि आपल्या नसांवरचं आवरण खाते, असं डॉक्टरांनी समजावलं. बरा होत नाही, पण औषधांनी धरून ठेवता येतो. पाय ताठतात त्यासाठी एक गोळी दिली. मग म्हणाले, "दारूचं सांगून ठेवतो. तुमचा तोल रोगाने अर्धा नेलाय. उरलेला अर्धा दारू नेईल. दुसऱ्याला जेवढी चढत नाही तेवढ्यात तुम्ही पडाल. लघवी आवरणार नाही, जीभ आणखी जड होईल, थकवा दुसऱ्या दिवसावर जाईल. आणि ही गोळी चालू असताना तर अजिबातच नको. दोन्ही मिळून झोप आणतात आणि पाय काढून घेतात."

"मी पीतच नाही, डॉक्टर," मास्तर म्हणाले.

डॉक्टर हसले. सगळेच असं म्हणतात, अशा अर्थाचं ते हसू होतं. मला असा राग आला की टेबलावरचा तो प्लॅस्टिकचा मेंदू उचलून त्यांच्या अंगावर फेकावा.

रोगाला नाव मिळालं म्हणून गावाचं तोंड बंद झालं नाही. फक्त बोलण्यात दया आली. मास्तरांचा चुलतभाऊ, माझा दीर, तेवढा रोज यायचा. बागायत तोच बघतो. मनाने अगदी लोणी. त्या चैत्रात त्याने गोव्याहून हुर्राक आणली. काजूच्या बोंडांची ही पहिल्या धारेची दारू, आमच्याकडे ती उन्हाळ्यात पाहुण्यालाही देतात, औषधासारखी. मास्तर त्या दिवसांत स्वतःवरच चिडलेले होते. "नाव झालांच आसा तर चव तरी बघूया," म्हणाले आणि लिंबू-मीठ घालून पेलाभर घेतली. मी माजघरातून ओरडले. कोण ऐकतो?

अर्ध्या तासाने मला हाक मारली. "अगो, बघ. पाय सैल झाले." खरंच झाले होते. फळीसारखे ताठलेले पाय गुडघ्यात वाकत होते. त्यांनी ते बाकावरून खाली सोडून लहान पोरासारखे हलवून दाखवले. इतकं खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. मग उठले आणि तुळशीपाशी जाऊन आडवे झाले. दुसऱ्या दिवशी अंथरूण ओलं, डोळ्यांपुढे पुन्हा दोन दोन, आणि पाय आधीपेक्षा दुप्पट ताठ. तिसऱ्या दिवशी कुठे उठून बसले. आणि स्वतःच म्हणाले, "नको गो बाय. ही माका झेपाची नाय." त्यानंतर त्यांनी हुर्राकचा वासही घेतला नाही. मी मनात म्हटलं, चला, एवढ्यावर सुटलो.

पुढचं दीड वर्ष मास्तरांनी जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. दिराने घरापुढच्या खळ्यात पोफळीचे दोन वासे आडवे बांधून दिले. सकाळी ऊन यायच्या आत ते धरून मास्तर चालायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटे. पडायचे, शिव्या द्यायचे, उठायचे. कुडाळच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाखवलेलं सगळं करायचे. टाच टेकवायची, गुडघा उचलायचा, एका पायावर उभं राहायचं. सासूबाई जपमाळ घेऊन बसायच्या आणि मास्तर पडले की डोळे मिटून घ्यायच्या. आणि हळूहळू वासे सुटले. काठी घेऊन मास्तर रस्त्यापर्यंत जायला लागले, मग बसथांब्यापर्यंत.

हे सगळं एकाच गोष्टीसाठी होतं. त्यांना शाळेत परत जायचं होतं. रजा संपत आली होती. शाळेतल्या माणसांनी माणुसकी दाखवली, नाही म्हणणार नाही. खालच्या मजल्यावरचे वर्ग देतो म्हणाले, पण आपल्या पायांनी या, वर्गात उभे राहा, म्हणजे पालकांना तोंड देता येईल. ठरलं. सोमवारी हजर व्हायचं. मी पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून तो खुंटीला लावला. मास्तर येता जाता त्या शर्टाकडे बघायचे.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमची राखण होती.

राखण आमच्याकडे कोणाची चुकत नाही. भात झोडून झालं की बागायतीच्या हद्दीवर दगडाच्या रूपात जो राखणदार देव आहे, त्याला वर्षाचं द्यायचं. कोंबडा, नारळ, विडी आणि दारूची बाटली. तो घराची, बागेची, पोराबाळांची राखण करतो. सकाळी पुरुष माणसं खाली बागायतीत जातात. घरातला कर्ता गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने देवाकडे मागणं मागतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. दगडावर दारू ओतायची आणि उरलेली करवंटीतून फिरवायची. पहिली करवंटी गाऱ्हाणं घातलं त्याची, ती त्याने एका दमात रिकामी करायची. ठेवली तर राखणदाराचा अपमान. बायकांनी तिथे जायचं नाही. आम्ही वर वडे करायचे आणि हाकेची वाट बघायची.

दरवर्षी मुंबईहून येऊन गाऱ्हाणं घालणारे थोरले दीर त्या वर्षी वारले होते. गाऱ्हाणं मास्तरांवर आलं.

मी दोन दिवस आधीपासून कटकट सुरू केली. "व्हटाक लावा आणि सोडा. दगडार ओता. कायव करा, पण पिव नका." मास्तर मान डोलवायचे. दीर म्हणाला, "वयनी, तू मगे पण ना! ती काय दारू आसा? ता देवाचा." सासूबाई म्हणाल्या, "देवाक दाखवलेलां कोणाक बाधणा नाय." मी म्हटलं, "बाटली तर बांद्याच्या दुकानातसून इली मा? देवान गाळल्यान काय ती?" माझ्या तोंडावर सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. बोललं म्हणजे पाप लागलं, आणि पाजलं ते पुण्य!

मला एकच गोष्ट कळत नव्हती, मास्तर गप्प का. मग रविवारी सकाळी आंघोळ झाल्यावर धोतर नेसवताना म्हणाले, "उद्या शाळेत जावचा आसा. आज तेका नाय कसा म्हणतलंय?" वर्गात पोरांना आम्ल आणि अल्कली शिकवणारा माणूस! पेलाभर हुर्राकने तीन दिवस अंथरुणात टाकलेला माणूस! पण हुर्राक ती दारू होती आणि ही राखण होती. त्यांच्या मनात या दोन गोष्टींची गाठच पडत नव्हती. पाय सैल करायची सकाळची गोळीही त्यांनी चहाबरोबर घेतली होती. ती मीच दिली होती, रोजच्यासारखी.

खाली जायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, उतरत्या, शेवाळलेल्या. काठी टेकत, एका हाताने दिराचा खांदा धरून मास्तर गेले. मी चुलीपुढे बसून कान लावले. मास्तरांचा आवाज आला. पहिल्यांदा अडखळला, मग मोकळा झाला. "बा देवा म्हाराजा…" काय काय मागत होते ते ऐकू येईना, पण प्रत्येक मागणीनंतर सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" मात्र स्पष्ट यायचं. मग गाऱ्हाणं संपलं. मला कळलं, करवंटी फिरतेय.

काही वेळाने हसण्याचा आवाज आला. मोठमोठ्याने. मी पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या दारात आले. मास्तर पायऱ्या चढत होते, काठीशिवाय. पाय पटापट उचलत होते, गुडघे वाकत होते. मागून दीर ओरडत होता, "बघा, बघा! देवान पाय दिल्यान! काठी थंयच ठेवलंय तेच्याकडे!" बाकीचे टाळ्या वाजवत होते. मास्तर माझ्याकडे बघून हात वर करून हसले. सासूबाईंनी हात जोडले. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, की दिले असतील बाबा, काय सांगावं.

अर्ध्या चढावर त्यांचा उजवा पाय आलाच नाही. डावा पुढे गेला आणि उजवा खालच्या पायरीवर राहिला. सावरायला काठी नव्हती. दीर चार पायऱ्या मागे होता. मास्तर कुशीवर आपटले, तिथून घसरत खाली गेले आणि दिराच्या पायांशी थांबले. त्यांचा आवाज असा आला की मी आजही वडे थापताना मधेच थांबते.

दिराने त्यांना उचलून आणलं. तो रडत होता, "मिया काठी ठेवलंय रे, मिया ठेवलंय," म्हणत होता. त्याला शिव्या घालायच्या सोडून मी गाडी बोलवायला धावले.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर खुबा तपासायला वाकला आणि मागे सरला. "दारू घेतलीय का यांनी?" एवढी वर्षं या प्रश्नावर मी बाजारात भांडले, शाळेत भांडले, माहेरी भांडले. आता काय सांगू? म्हटलं, "राखण होती." डॉक्टर बाहेरगावचा असावा. "म्हणजे घेतलीय," म्हणाला आणि तसं लिहिलं. त्याचं काय चुकलं? मी रोगाचं नाव सांगितलं, गोळीचं सांगितलं. तेही त्याने लिहिलं, पण खाली. सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांना दिराने फोन केला तेव्हा त्यांना आधीच कळलं होतं. गावात कळायला काय वेळ लागतो! "पिऊन पडले ना?" एवढंच विचारलं त्यांनी. दीर हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता बिचारा?

फोंडाघाट चढून कोल्हापूरला नेलं, खुब्याचं ऑपरेशन झालं. हाड जुळलं. पण या रोगात माणूस महिनाभर पडून राहिला की पाय वाट बघत बसत नाहीत. दीड वर्ष पोफळीच्या वाशांना धरून जे मिळवलं होतं ते खाटेवर गेलं. तिथल्या डॉक्टरांनी चाकाच्या खुर्चीचं सांगितलं. त्यांनी मला बाजूला घेऊन आणखी एक सांगितलं, की आता हात जपा. रोग हातांनाही सोडत नाही, आणि दारू त्याला मदत करते. तो शर्ट मी खुंटीवरून काढून कपाटात ठेवला. मास्तरांनी विचारलं नाही.

हात शाबूत होते. खुर्चीत बसून स्वतः जेवायचे, स्वतः दाढी करायचे, मसाल्याच्या पुड्यांना दोरा बांधून द्यायचे. मीही म्हणायचे, चला, एवढं तरी आहे. घरात राखणीचा विषय कोणी काढत नव्हतं.

पण भात झोडून झालं आणि राखण आली. मला वाटलं, यंदा दुसरं कोणी गाऱ्हाणं घालेल. सकाळी चार पुरुष आले आणि मास्तरांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं, पालखीसारखं. मी आडवी आले. मास्तर म्हणाले, "सरक गो." मी सरकले. गाऱ्हाणं ऐकायला मागच्या दारात नाही गेले. वडे तळत राहिले.

वर आले तेव्हा डोळे लाल होते. मी सगळ्यांच्या देखत बोलले. म्हटलं, "परत घेतलास? लाज नाय वाटली? एवढा होऊन परत?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "आता पडान खंय पडतलंय गो?"

दीर खाली बघत होता. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी आत गेले आणि पानं वाढली.

सगळे जेवायला बसले. मास्तरांची खुर्ची टेबलापाशी लावली. त्यांनी वड्याचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि उचलला. हात वाटेतच थरथरायला लागला. तुकडा ताटात पडला. पुन्हा उचलला. या वेळी गालाला लागला, रस्सा शर्टावर सांडला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तरी जमेना. बाकीचे खाली माना घालून जेवत राहिले, जसं काही कोणाला दिसतच नव्हतं. मग मास्तरांनी हात मांडीवर ठेवला आणि ताटाकडे बघत बसले.

मी माझं ताट बाजूला केलं, स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि घास केला. त्यांनी माझ्याकडे न बघता तोंड उघडलं.